बिनतारखेची जाहिरात

१९ मार्च १९१७

दुपारच्या गाडीने जाहिरातींची नवी गुंडाळी आली. मला वाटलं, पाव कमी खा म्हणणारी असेल, नाहीतर युद्धाला पैसे द्या म्हणणारी. त्या दोन्ही मला चालतात, त्या घरातून माणूस नेत नाहीत. स्वयंपाकघरातल्या टेबलावर सोडली तर आत बाई निघाली. गुडघ्यापर्यंत विजार, पोटऱ्यांना चामडी पट्टे, डोक्यावर टोपी, एका हातात लगाम. मागे दोन घोडे आणि उगवता सूर्य. वर हातभर अक्षरांत लिहिलंय, शेतांना बायका हव्यात, आजच नाव नोंदवा.

चित्र काढणाऱ्याने शेत पाहिलेलं दिसत नाही. नांगर जमिनीला टेकलेलाच नाही. बाईच्या बुटांना चिखल नाही. मार्चमध्ये आमच्या सफक परगण्यात ज्याच्या बुटांना चिखल नाही तो माणूस एक तर पाद्री, नाहीतर मेलेला.

माझी मुलगी केझी लाँड्रीत होती म्हणून बरं. गुंडाळी माझ्या पलंगाखाली सरकवली. मग आठवलं, शनिवारी ती पलंगाखाली झाडते. कोळशाच्या खोपटात नेऊन ठेवली. मग आठवलं, कोळसा आणायला तीच जाते. आता परत पलंगाखाली आहे. शनिवार लांब आहे.

२० मार्च

बायकांच्या शेती समितीच्या मिसेस पेलहॅम घोडागाडीतून दारात आल्या. गाडीतून उतरल्या नाहीत, तिथूनच बोलल्या.

"गूडरम, लाँड्रीसमोरच्या भिंतीवर एक हवंच. सगळ्या गावात तरुण मुली तिथूनच तर बाहेर पडतात."

"ती भिंत ओली असते, बाईसाहेब. कागद धरत नाही."

"तुम्ही लावलेला कागद? अहो, दोन वर्षांपूर्वीच्या सर्कशीचा हत्ती अजून धान्यबाजाराच्या मागे उभा आहे. सोंडसुद्धा सुटलेली नाही."

हत्ती खरंच आहे.

परवा त्या स्वतः भिंती बघत फिरणार आहेत.

स्टेनहॅम गावात भिंतीवर कागद लावणारा मी एकटाच. शाळेत दोन हिवाळे गेलो, बाकीचं वाचन भिंतीवर झालं. मोठं अक्षर मला येतं, कारण कागद उलटा लागला तर मजुरी मिळत नाही. बारीक अक्षर अडखळत येतं. ही डायरी बियाणांच्या दुकानदाराने फुकट दिली आहे. डॉक्टर म्हणाले, छातीत धडधड होते तेव्हा काहीतरी लिहीत बसा. म्हणून लिहितो. लिहिताना जास्त धडधडतं.

घरात आम्ही दोघंच. केझिया सव्वीस वर्षांची आहे, इस्त्रीवर काम करते. तिची आई जाऊन बरीच वर्षं झाली. माझा मुलगा रूबेन मागच्या जुलैत फ्रान्समध्ये पडला, तिथेच राहिला. सैन्यभरतीच्या जाहिराती लावायला तोच शिडी धरायचा. एकदा मी शिडीवरून उतरलो तरी तो शिडी धरून भिंतीकडे बघतच उभा होता. पुढच्या सोमवारी सैन्यात गेला.

२१ मार्च

सगळ्या लावल्या. स्टेशन, धान्यबाजार, पुलाचा कठडा, चॅपलची बाहेरची भिंत. लाँड्रीसमोरची शेवटी.

जाताना ठरवलं होतं की तिथली जरा कच्चीच लावायची. पातळ खळ, एकच हात. पण बादलीत खळ चांगलीच उतरली होती. गव्हाचं पीठ आधी गार पाण्यात कालवून मग उकळतं पाणी, वर तुरटी. हाताने ऐकलंच नाही. कडा दाबल्या, बुडबुडे काढले, वरून पुन्हा एक हात दिला. लावून झाल्यावर दोन पावलं मागे येऊन बघितलं तर सुरेख बसली होती. फार वाईट वाटलं.

२२ मार्च

मिसेस पेलहॅम बघून खूश होऊन गेल्या. संध्याकाळी अंधार पडताना गेलो आणि बाईच्या अंगावर लिलावाची जाहिरात लावली, या वेळी मात्र पातळ खळीने, एकच हात. जुनं फर्निचर, एक पियानो, कोंबड्यांची खुराडी.

हे लिहून ठेवतो म्हणजे मन शांत होईल. आमच्या धंद्यात एकच नियम आहे. तारीख उलटेपर्यंत दुसऱ्याच्या जाहिरातीवर कागद चढवायचा नाही. चालू जाहिरात झाकणारा माणूस चोरच. माझ्या वडिलांनी अशा एकाला बादलीत बुडवून काढलं होतं. पण या बाईवर तारीखच नाही. मग ती चालू म्हणायची की शिळी? ज्याच्यावर तारीख नाही ते शिळंही होत नाही, पण चालू आहे असंही कुणी म्हणू शकत नाही. हे मला बरोबर वाटतं. सरकारी कागद झाकल्याबद्दल तुरुंग असतो का, कुणाला विचारावं? विचारलं तर का विचारतोस म्हणतील.

केझी जेवताना काही बोलली नाही. म्हणजे पाहिली नाही. ती खाली मान घालून चालणारी मुलगी आहे. एक दिवस होती भिंतीवर, एका दिवसात काय होतंय.

३ एप्रिल

केझीला आता पहाटे जावं लागतं. लष्करी इस्पितळाच्या चादरी येतात म्हणाली. लाँड्रीवाल्यांनी माणसाला काय समजलंय? जाऊन बोलतो म्हणालो तर घाबरली. "नको बाबा, तुम्ही गेलात तर माझी नोकरी जाईल." म्हणून गेलो नाही.

११ एप्रिल

घरात दूध येऊ लागलंय. रोज छोटा डबा. लाँड्रीवर देखरेख करणाऱ्या मॅट्रन देतात म्हणे. इतकी चांगली बाई असेल असं वाटलं नव्हतं. दुधावर हा असा साईचा थर. कोमट असतं. मॅट्रन तापवून देत असावी.

२४ एप्रिल

नवा हुकूम आला. गव्हाचं पीठ पोटाशिवाय कशालाही वापरायचं नाही. शिपाई सांगून गेला, वर हसून म्हणाला, "गूडरम, आता जाहिराती थुंकीने चिकटवा." याच्या वडिलांना मी ओळखतो, तेसुद्धा असेच होते.

दिवसभर बसून राहिलो. पीठ नाही म्हणजे खळ नाही, खळ नाही म्हणजे धंदा नाही. संध्याकाळी केझी बादली घेऊन आली. कपड्यांना घालून उरलेली खळ.

"रोज नाल्यात ओततो, बाबा. चालेल का बघा."

बोटांत घेऊन बघितली. चिकटते. तुरटी घालून बघतो. माझ्या पोरीसारखी पोर गावात नाही.

३० एप्रिल

लाँड्रीची खळ बरी चालते. लिलाव होऊन गेला तरी बाईवरचा कागद काढला नाही, त्यावर नवा चढवला. घोड्यांची विक्री. दुसरीकडे तशा बाया आहेतच, पण केझीचा रस्ता घर ते लाँड्री. स्टेशनकडे तिला काय काम?

९ मे

काहीतरी आहे. तीन-चार गोष्टी लिहितो.

तिचे हात. इस्त्रीवालीचे हात पांढरे असतात, सोड्याने सुरकुतलेले. केझीच्या तळव्यांना आता घट्टे आहेत. काल पाव कापताना मनगट बघितलं, दोरखंडासारखं झालंय.

तिच्या केसांत गवताची काडी होती. चादरी वाळत घालतात तिथे गवत असतं, असं ती म्हणाली.

चॅपलमधला बोका तिच्या पायांत घोटाळतो. आधी कधी घोटाळत नव्हता.

आणि ती गाते. भांडी घासताना. रूबेन गेल्यापासून या घरात कुणी गायलं नव्हतं.

छातीत धडधड. यामागे काहीतरी आजार असणार, नाहीतर पुरुष.

१० मे

शेजारच्या मिसेस थर्टल मीठ मागायला आल्या. त्या विधवा आहेत आणि त्यांना सगळं माहीत असतं. मी आडून आडून विचारलं, गावात केझीबद्दल काही कानावर आलंय का.

"अहो गूडरम, जिभेलासुद्धा खळ लावून ठेवलीय का? सरळ विचारा की."

"तिचं कुणाशी काही..."

त्यांनी माझ्याकडे फार वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "पोरगी खुशीत आहे ना? मग चहा प्या आणि गप्प बसा." मीठ न घेताच गेल्या.

म्हणजे पुरुषच.

१६ मे

आज पहाटे तिच्या मागे गेलो. असं करू नये हे मला कळतं. पुलापर्यंत पोचलो आणि दम लागला, कठड्याला टेकलो. ती लाँड्रीकडे वळलीच नाही. सरळ ब्रंडिशच्या शेताच्या वाटेला लागली. फाटकाशी ब्रंडिश उभा होता. त्याने टोपी काढली! मग तिच्या हातात काहीतरी दिलं. लांबून चकाकलं. फुलं चकाकत नाहीत, तेव्हा भेटवस्तू असणार, चांदीची किंवा पत्र्याची.

अर्नेस्ट ब्रंडिश. पन्नाशीचा विधुर, गाई आहेत, थोडी जमीन आहे, दारू पीत नाही. घरी येईपर्यंत त्याला शिव्या देत होतो. मग चहा घेतला आणि विचार केला. ब्रंडिशचं शेत पुलापलीकडे आहे. तिथून चॅपलची घंटा ऐकू येते. मुलगी तिथे गेली तर रविवारी जेवायला येईल.

आता तर मला ब्रंडिश आवडायला लागला आहे.

१० जून, रविवार

ब्रंडिशला चहाला बोलावलं. केझीला आधी सांगितलं नाही, दार वाजल्यावर सांगितलं. तिचा रंग उडाला. प्रेमात असलेल्या मुलीचं तसंच होतं.

तो अंडी आणि लोणी घेऊन आला, खुर्चीच्या टोकावर बसला.

मी म्हटलं, "मिस्टर ब्रंडिश, घर मोठं आहे तुमचं. एकट्याला जड जात असेल."

"घर काय, छत गळतं. गोठा मात्र पक्का आहे. दोन्ही गडी लढाईवर गेले ना. केझिया नसती तर..." इथे केझीने चहाचा कप त्याच्यासमोर असा आपटला की अर्धा बशीत आला. "...नसती तर हा असा केक कुठे खायला मिळाला असता, असं म्हणत होतो."

"केक मिसेस थर्टलनी दिलाय," मी म्हटलं.

"हो का? छान आहे." मग बराच वेळ केक खाल्ला. मग एकदम म्हणाला, "आमची डेझी तिच्याशिवाय कुणाला जवळ येऊ देत नाही हो."

डेझी त्याची भाची असावी. तिखट स्वभावाची दिसते.

बिचाऱ्याच्या तोंडातून मुद्दा निघेना. शेवटी निघताना मीच त्याला फाटकापर्यंत सोडायला गेलो आणि म्हटलं, "मिस्टर ब्रंडिश, मला सगळं ठाऊक आहे. डोळे आहेत मला. मी आडवा येणार नाही."

त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. "खरंच? अहो, तिला हेच टोचत होतं. बाबांना कसं सांगू, बाबांना कसं सांगू, रोज तेच! सांगू तिला?"

"सांगा," मी म्हटलं.

संध्याकाळी केझीने मागून येऊन माझ्या टकलावर ओठ टेकले. ती रडत होती. बऱ्याच दिवसांनी चांगली झोप लागेल असं वाटतं.

१८ जून

लग्नाची तारीख कुणी काढत नाही. केझी शनिवारी इप्सविचला जाऊन आली. कापड बघायला गेली असणार. मी माझी कॉलर धुऊन ठेवली आहे.

२७ जून

परवापासून पाऊस. आडवा, समुद्राकडून येणारा. ऐन गवत कापायच्या दिवसांत. गुडघा दुखतो. छत ठीक आहे. धुराड्यातून थेंब येतात.

२८ जून

आयुष्यात असं बघितलं नाही. सकाळी बाजारात गेलो तर गावातल्या भिंती नागड्या. एप्रिलनंतर लावलेला प्रत्येक कागद सुटून खाली घसरला होता. पावाची जाहिरात, कर्जाची, घोड्यांची विक्री, चॅपलची चहापार्टी, सगळ्यांचा लगदा गटारात. आणि जिकडे बघावं तिकडे ती बाई. स्टेशनवर बाई, पुलावर बाई, धान्यबाजारावर बाई. विजार, लगाम, उगवता सूर्य, कोपरासुद्धा उचललेला नाही. सर्कशीचा हत्ती आणि ती, बाकी कुणी नाही.

मिसेस पेलहॅम छत्रीखालून ओरडल्या, "गूडरम! सगळ्या गावात फक्त आमचीच टिकली! यालाच देशभक्ती म्हणतात!" भर बाजारात माझा हात हातात घेतला. लोक बघत होते. मला भिंतीत शिरावंसं वाटलं.

मग लाँड्रीची भिंत आठवली.

बादली आणि कुंचा घेऊन जमेल तेवढा पळालो. दुपारची सुट्टी होती. पोरी फाटकात उभ्या राहून हसत होत्या. भिंतीखाली माझ्या कागदांचा ढीग, एकावर एक, पियानो आणि घोडे आणि खुराडी, ओल्या चादरीसारखा. वर ती बाई, कालच लावल्यासारखी. केझी भिंतीला पाठ टेकून उभी होती.

"बाबा, आता बस करा. किती वेळा झाकणार तिला?"

मी म्हटलं, "कुणाला?"

पोरी आणखी हसल्या. केझीने त्यांना आत पाठवलं.

"तुम्ही ज्या दिवशी लावलीत त्याच दिवशी मी पाहिली. दुसऱ्या दिवशी दिसली नाही, पियानो दिसला. मग मला कळलं की तुम्हाला भीती वाटतेय. म्हणून बोलले नाही. पण पहाटे, लाँड्रीच्या आधी, गाईंची धार काढायला जाऊ लागले, मिस्टर ब्रंडिशकडे. पहिल्या आठवड्यात रोज लाथ खायची. डेझीची."

"डेझी गाय आहे?"

"मग कोण आहे?"

मी बादली खाली ठेवली.

"आणि खळ? ही कसली खळ दिलीस मला?"

"कपड्यांची. ती पाण्यात सुटते, बाबा. सुटते म्हणूनच तर कपडे धुता येतात. लाँड्रीतल्या कुठल्याही पोरीला विचारा."

"तुला ठाऊक होतं!"

"मी फक्त बादली आणून दिली," ती म्हणाली. पण तेव्हा माझ्या डोळ्यांत बघितलं नाही.

मग खिशातून बिल्ला काढून दाखवला, शेतावर नाव नोंदवलेल्या बायकांना मिळतो तो. त्या शनिवारी इप्सविचला नाव घातलं, परीक्षा दिली, पास झाली. पुढच्या गुरुवारी लिंकनशायरला जायचं आहे. तिथे गाई खूप आहेत आणि माणसं नाहीत.

"तुम्हीच म्हणालात ना मिस्टर ब्रंडिशना, आडवा येणार नाही म्हणून? नाहीतर मी नाव घातलंच नसतं, बाबा. देवाशप्पथ नसतं घातलं."

२९ जून

खाली गेलो नाही.

३० जून

मिसेस थर्टल वर आल्या, हातात सूप. मी त्यांना सगळं सांगितलं. ब्रंडिशचं आणि लग्नाचं सांगितलं तेव्हा त्यांना खिडकीची चौकट धरावी लागली.

"ब्रंडिश? लग्न? अहो, तो माणूस गाईला सोडून कुणाशी धड बोलतो का?"

"मी शब्द दिला तो लग्नासाठी. यासाठी नाही."

"म्हणजे नवऱ्याकडे धाडायला तयार होतात, गाईंकडे नाही?"

"ब्रंडिश पुलापलीकडे राहतो. लिंकनशायर कुठे आहे ते तरी ठाऊक आहे का तुम्हाला?"

त्या हसायच्या थांबल्या. सूप माझ्या हातात दिलं. "गार होतंय," एवढंच म्हणाल्या.

२ जुलै

खोकला खरा आहे. खोटा खोकलो असं मिसेस थर्टलना वाटतं, पण खरा आहे. केझी रात्री उशाशी बसली. मी तिच्याशी रूबेनबद्दल बोललो. म्हटलं, माझ्या भिंतींनी एकाला नेलं, आता दुसरीला नेतायत, आणि खळ मीच लावतो.

ती म्हणाली, "रूबेन जाहिरात बघून गेला नाही, बाबा. तो आधीच ठरवून बसला होता. तुम्हाला कसं सांगायचं ते शोधत तो भिंतीकडे बघत उभा होता. मला सांगितलं होतं त्याने."

हे मला माहीत नव्हतं. जवळजवळ तीन वर्षं मला वाटत होतं की तो जाहिरात वाचत होता.

मग मी खूप खोकलो आणि ती म्हणाली, "मी नाही जात." बिल्ला काढून तिने टेबलाच्या खणात टाकला. खण बंद केल्याचा आवाज ऐकू आला. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.

३ जुलै

खोकला कमी. केझी उजाडल्यावर लाँड्रीत गेली, चादरी-बिदरी काही नाहीत. घरात दूध नाही.

दुपारी उठून भिंतीकडे गेलो. काम होतं असं नाही. माझ्याच कामात खोट शोधत होतो. कड नखाने उचलून बघितली, उचलेना. इतकं चांगलं मी पुन्हा लावू शकणार नाही, पीठच नाही तर. उभा होतो तेवढ्यात लाँड्रीची सुट्टी झाली आणि पोरी बाहेर आल्या. केझी सर्वांत मागून. खाली मान घालून.

मी इथेच मार्चमध्ये लिहिलंय, ती खाली मान घालून चालणारी मुलगी आहे. तेव्हा ते खरं होतं. मधल्या दिवसांत ती तशी चालत नव्हती. पुलावरून मी बघितलं होतं ना, मान वर होती, तिला लांबूनही ओळखता येत होतं. तेव्हा मला फक्त ब्रंडिशची टोपी दिसली.

ती माझ्याजवळून गेली. मी भिंतीशी उभा आहे हे तिने बघितलंच नाही.

४ जुलै

सकाळी ती गेल्यावर तिच्या पलंगाखालून बूट काढले. तिथेच असणार हे मला ठाऊक होतं, लपवायची जागा आमच्या घरात तेवढीच आहे. शेण वाळून कडक झालं होतं. चाकूने खरवडलं, धुतले, चुलीपासून जरा लांब वाळवले. मिसेस थर्टलकडून चरबी मागून आणली. त्यांनी कशाला विचारलं नाही, हे नवलच. शिवणीशिवणीत बोटाने चरबी भरली, कारण पाणी शिवणीतूनच शिरतं. मग खणातला बिल्ला काढून उजव्या बुटात ठेवला आणि बूट दाराशी ठेवले.

केझी आली, दारात थांबली. मी चुलीकडे तोंड करून बसलो होतो.

"बाबा."

"लिंकनशायरला ओल फार असते म्हणतात," मी म्हटलं. "रोज चरबी लावत जा."

५ जुलै

सकाळची गाडी. प्लॅटफॉर्मवर आणखी दोन मुली होत्या, त्यांच्याही विजारी. लोक वळून बघत होते. मीही बघितलं. बूट चकचकीत, पोस्टरमधल्या बाईसारखे. दोन दिवस टिकतील.

ब्रंडिश आला होता. टोपी काढून उभा होता, लहान मुलासारखा रडत होता. "डेझी आता मला मारणार," म्हणाला.

गाडी निघाल्यावर केझी खिडकीतून बाहेर वाकली आणि स्टेशनच्या भिंतीकडे बोट दाखवून काहीतरी ओरडली. ऐकू आलं नाही. भिंतीवर तीच बाई होती.

१९ जुलै

ब्रंडिश रोज दूध टाकून जातो. मी म्हटलं, मला एवढं लागत नाही. तो म्हणतो केझियाशी बोलणं झालंय. मिसेस थर्टल रोज संध्याकाळी मीठ मागायला येतात, आणि आल्या की चूल पेटवून सूप ठेवून जातात. एका बाईला इतकं मीठ कशाला लागतं मला कळत नाही.

खळीचं अजून जमत नाही. सरस घालून बघितला, वास येतो.

२६ जुलै

लिलाववाल्याचा कारकून सकाळी आला. काखेत कागद, मेंढ्यांची विक्री. लाँड्रीसमोरचीच भिंत हवी म्हणाला, तिथे नजर जाते.

"ती जागा भरली आहे," मी म्हटलं.

"अहो, ती जुनी शेतवाली बाई? मार्चपासून आहे ती. आणि तुम्हीच तर तिच्यावर आमचा पियानो लावला होता."

"लावला होता. चूक झाली. चालू जाहिरातीवर कागद चढवत नाहीत."

"चालू?" त्याने जाऊन नाक लावून खालची ओळ वाचली आणि परत आला. "गूडरम, तिच्यावर तारीखच नाही. चालू आहे ते कशावरून? आणि कधीपर्यंत?"

मी मेंढ्या त्याच्याकडून घेतल्या. म्हटलं, धान्यबाजारामागे लावतो. हत्तीची तारीख उलटून गेली आहे, त्याला आता हरकत नाही.